जळोचीची शेंदरी गार

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सोन्याची हौस नव्हती, लुगड्यांची नव्हती, खाण्याची तर नव्हतीच. त्यांना हौस होती दगडांची. लग्न होऊन मी निमगाव केतकीला आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फडताळातून पिठाचा डबा काढायला हात घातला तर बोटात काहीतरी कचकन घुसलं आणि मी ओरडले. आत्याबाई चुलीपुढून धावत आल्या.

"हळू गं बया! सुया मोडल्या आसत्याल!"

माझ्या बोटातून रक्त येत होतं आणि बाई दगड उजेडात धरून त्याच्या सुया तपासत होत्या. त्याच दिवशी मला कळलं की या घरात माझा नंबर कुठं लागतो.

छबूबाई त्यांचं नाव. तशी बाई कामाला वाघ होती. आमचा पानमळा होता. नागवेलीची पानं खुडायची, एकावर एक लावायची, ओल्या फडक्यात गुंडाळून करंड्या भरायच्या आणि बारामतीच्या बाजाराला पाठवायच्या, हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली चालायचं. पण आसपास कुठं विहीर खोदतायत असं कानावर आलं की बाईचं मळ्यात लक्ष लागत नसे. आपल्याकडचा काळा खडक फोडला की मधूनच पोकळी लागते आणि त्या पोकळीत गारा असतात. पांढऱ्या सुयांचे झुपके, हिरवट काचेसारखे चौकोनी खडे, गुलाबी पाकळ्या एकावर एक रचल्यासारखे गड्डे. विहीर खोदणाऱ्या वडारांना त्यांचं काय कौतुक? सुरुंग उडाला की ते सगळं ढिगाऱ्यात जायचं. आत्याबाई भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन बसायच्या. वडारांना भाकरी आणि यांना गारा, असा सौदा. मामंजी बिचारे कपाळाला हात लावायचे. "लोकांच्या बायका देवाला जात्यात, आमची हिरीला जाती," म्हणायचे.

हे सगळं कशासाठी, तर गौरींच्या आराशीसाठी. भाद्रपदात गौरी बसल्या की आमच्या माजघरात लाकडी पायऱ्या मांडायच्या, त्यावर पांढरं धोतर अंथरायचं आणि वर्षभर जमवलेल्या गारा त्यावर लावायच्या. रिठ्याच्या पाण्यात धुतलेल्या, मऊ पिसानं झटकलेल्या. समयांच्या उजेडात त्या अशा चमकायच्या की मला राग आलेला असला तरी बघत राहावंसं वाटायचं. सगळं गाव हळदीकुंकवाला यायचं. आत्याबाई त्या दिवशी कोणाशी फार बोलत नसत. आराशीच्या बाजूला बसून त्या बायकांची तोंडं बघत. बायका "अगं बाई!" म्हणाल्या की ह्यांचं वर्षाचं पोट भरायचं.

आता फुलामावशी. आत्याबाईंची धाकटी बहीण फुलाबाई, बारामतीजवळ जळोचीला दिलेली. दोघींचं माहेर लोणी देवकर. फुलामावशी दिसायला उजळ, बोलायला गोड, आणि नशीब असं की तिनं काही मागायच्या आतच ते तिच्या पदरात पडायचं. आत्याबाई तिच्यावर लहानपणापासून जळत होत्या. आडपडदा कशाला ठेवायचा? त्या स्वतःही ठेवत नसत. "बापानं मला रानात धाडलं आन् तिला झोक्यावर बसवलं," हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोका कुठल्या फांदीला होता तेही सांगू शकले असते. फुलामावशीचे यजमान मोहनराव कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करायचे आणि तो बारामतीला साहेबांच्या बंगल्यांवर घालायचे. घर कौलारू, अंगणात पाण्याचा हौद. आत्याबाई तिकडून आल्या की दोन दिवस भांडी जरा जास्तच आपटायच्या.

पण सगळ्यात मोठं दुखणं होतं नकोशीचं. आत्याबाईंना मुलगी नव्हती, आमचे हे एकुलते एक. फुलामावशीला तीन मुली. तिसरीही मुलगीच झाली म्हणून तिचं नाव नकोशी ठेवलं. त्या बाळंतपणात मावशी फार आजारी पडली, तेव्हा आत्याबाईंनी ती तान्ही पोर निमगावला आणली आणि शेळीच्या दुधावर वाढवली. पोर चालायला लागली, बोलायला लागली, विहिरीवर यांच्याबरोबर जाऊन गारा निवडायला लागली. आणि मग एक दिवस मोहनराव आले आणि तिला घेऊन गेले. घरात हाताखाली पोरगी हवी होती. "जिला नको व्हती तिला ती मिळाली," आत्याबाई म्हणायच्या, "आन् जिला पायजेल व्हती ती बसली दगडं पुशीत."

नकोशीचा मात्र या मावशीवर, म्हणजे आत्याबाईंवर, जीव. जळोचीच्या ओढ्यात काही चकाकतं दिसलं की ती पदराला बांधून ठेवायची आणि आत्याबाई गेल्या की हातात द्यायची. साधी गारगोटी असली तरी आत्याबाई ती फडताळात ठेवायच्या.

सन चौतीस की पस्तीस असेल. कालव्याच्या एका गोऱ्या साहेबाची बदली झाली. सामान बांधताना त्यानं बरंच काही लोकांना वाटून टाकलं. मोहनरावांना, इतकी वर्षं ताजी भाजी घातली म्हणून, एक लाकडी पेटी मिळाली. घट्ट झाकणाची. आत कापसात एक दगड होता.

तो मी नंतर हातात घेतला आहे, म्हणून सांगते. मूठभर आकाराचा, पण आकाराच्या मानानं फारच जड. तपकिरी मातकट खडक आणि त्याच्या दोन्ही अंगांनी काड्याच काड्या उगवलेल्या. लांब, चार कडांच्या, आणि रंग? मारुतीला नुकताच शेंदूर लावावा आणि त्यावरून तेल ओघळावं, तसा. साहेबानं मोहनरावांना सांगितलं होतं की हा आपल्या मुलखातला नव्हे, समुद्रापल्याडच्या टास्मानिया नावाच्या बेटावरच्या शिशाच्या खाणीतला आहे. शिसं आणि क्रोम हे दोन धातू एकत्र आले की असा रंग होतो. मोहनरावांना त्यातलं फक्त शिसं समजलं.

फुलामावशीनं काय करावं? आयुष्यात कधी दगडाकडे ढुंकून न पाहिलेल्या या बाईनं त्या वर्षी गौरींपुढं एकच दगड ठेवला. पितळी वाटीत कापूस, कापसात ही शेंदरी गार. बास. बारामतीहून बायका टांगे करून बघायला आल्या. आमच्या निमगावच्या दोघी-तिघी माहेरी जाताना वाट वाकडी करून बघून आल्या आणि येऊन आत्याबाईंना, आमच्या आराशीपुढंच बसून सांगू लागल्या. "छबूबाय, तुमच्या बहिणीकडला बगितला का? देव आपसूक शेंदूर लावून आल्यावानी!"

आत्याबाई म्हणाल्या, "कुकवाची वाटी इकडं करा." एवढंच. त्या रात्री जेवल्या नाहीत.

गौरी गेल्या. पुढच्या बाजाराला पानाच्या करंड्यांबरोबर आत्याबाई स्वतः गाडीत बसल्या आणि मलाही घेतलं. बाजाराचं नाव, काम जळोचीचं. मावशीनं तो दगड आता वाटी-कापसासकट रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्यालाही दिसावा म्हणून. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ऊन त्याच्यावर, आणि तो नुसता पेटलेला. आत्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. मी त्यांचं तोंड पाहिलं आणि मला कळलं की हे काही चांगलं नाही. मला वाटतं, मूल बघूनही बाईचं तोंड कधी तसं होत नाही.

मग त्यांनी अशी गोष्ट केली की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चार शेजारणी बसलेल्या असताना त्यांनी बोट थुंकीनं ओलं केलं आणि दगडावर घासलं.

"शेंदूर फासलाय फुलीनं," त्या म्हणाल्या.

बोटाला काहीच लागलं नाही. बाई परत घासतात, परत बोट बघतात. फुलामावशी गोड हसली. "न्हाय गं आक्का. माझं आपलं समदं खरंच असतंय."

ताट वाढलं, पण आत्याबाईंचं त्यात लक्ष नव्हतं. ताटावरून नजर उचलायची आणि खिडकीकडे न्यायची, असं चाललं होतं. "आक्का, नदर लागंल माझ्या दगडाला," मावशी हसत म्हणाली. शेजारणीही हसल्या. परतीच्या वाटेवर गाडीत आत्याबाई मला म्हणाल्या, "मला त्यो पायजेल, जयवंता. तिला काय कळतंय त्यातलं? जीव जळतोय माझा." मी म्हटलं, "आत्याबाई, आपल्याकडं इतक्या गारा आहेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्यांची बहीण होते. घरी आल्यावर महिनाभर त्यांनी आपल्या गारा फडताळातून काढल्या नाहीत. कोणी नवी विहीर लागल्याचं सांगितलं तर "असूंदे" म्हणायच्या.

वर्ष गेलं. पुढच्या गौरी जवळ आल्या आणि जळोचीहून बातमी आली. शेंदरी गार मेली. तिचा रंगच उतरला. चमक गेली, शेंदूर गेला, जुन्या विटेसारखा मळकट दगड उरला. मावशीनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या तर झोंबणारा खकाणा उठला नाही म्हणे, म्हणजे दृष्ट जबरदस्त. कोणाची, हे विचारायची गरजच नव्हती. थुंकीचं बोट चार बायकांनी पाहिलं होतं. त्यांच्या भगतानं सांगितलं की लागलेली वस्तू घरात ठेवू नका, ज्याची नजर त्याच्या दारात नेऊन टाका, नाहीतर पुढची पाळी पोरीबाळींची.

मोहनराव स्वतः घेऊन आले. एरवी हसतमुख माणूस. आमच्या ओसरीवर चढले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. पेटी उंबऱ्याबाहेर ठेवली, "आक्का, तुमचं तुमाला," म्हणाले आणि पाठ फिरवली. मामंजी हाका मारत राहिले.

आत्याबाई पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनाही ते खरंच वाटत होतं, यात मला शंका नाही. आपल्या डोळ्यांनी दगड जाळला असं त्या मनोमन धरून बसल्या. भ्यायल्या होत्या. पण मी जवळून बघत होते, त्या भीतीखाली कुठंतरी बाई खूशही होती. फुलीचं काहीतरी प्रथमच बिघडलं होतं ना.

दोन दिवस पेटीला कोणी हात लावला नाही. मग मीच म्हटलं, आणलाय तर धुऊन तरी ठेवू. आत्याबाईंनी पेटी माजघरात नेली, वाटी काढली आणि दगड कापसातून उचलून उलटा केला.

खालची बाजू तशीच होती. कापसात दबलेली, वाटीत झाकलेली, तिथं उजेडच पोचला नव्हता. त्या काड्या अजून तेलशेंदरी, ओल्या दिसाव्यात अशा. वरची बाजू विटेसारखी आणि खालची पेटलेली, मधे घडीची रेघ असते ना उन्हात वाळत घातलेल्या लुगड्याला, अगदी तशी रेघ.

आत्याबाईंनी दगड एकदा इकडून बघितला, एकदा तिकडून. पानाचा धंदा करणारी बाई. पान किती उन्हात ठेवलं तर कसं मरतं, हे तिला कोणी शिकवायला नको.

"उन्हानं मारला ह्याला," त्या हळूच म्हणाल्या. "माझी नदर न्हाय गं. ऊन हाय ऊन! त्या येडीनं खिडकीत ठिवला."

मला इतकं हलकं वाटलं! मी म्हटलं, "मग उद्याच जळोचीला निरोप धाडू. तुमच्यावरचा आळ तरी जाईल."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "आन् दगूड?"

"दगडाचं काय?"

"दृष्ट न्हवती म्हणल्यावर दगूड कुणाचा? तिचा. तिला ही बाजू दावली की ती उलटा करून परत खिडकीत मांडंल. परत बारामतीच्या बाया टांगं करून यित्याल." मग माझा दंड धरून म्हणाल्या, "तू बोलायचं न्हाय. तुला कुंडलिकाची आण हाय." कुंडलिक म्हणजे माझा नवरा. कोणाला कोणाच्या आणेनं बांधायचं ते बाई बरोबर जाणत होती.

झालं. तेव्हापासून आमच्या घरात तालुक्यातली सगळ्यात देखणी गार होती आणि ती कोणाला दाखवायची सोय नव्हती. दाखवली की बोभाटा होणार आणि उजेडात ठेवली की मरणार. दुपारी मामंजी मळ्यात गेले की आत्याबाई कणगीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन, दिवा लावून, पेटी उघडून बसायच्या. बाहेर आल्या की तोंडावर असं समाधान की मला त्यांचा संताप यायचा. त्या वर्षीच्या आराशीत नेहमीच्या गारा मांडल्या, पण बघायला आल्या चार म्हाताऱ्या. निमगावात बातमी पोचली होती. बायका आत्याबाईंना पाहून पोरांना पदराखाली घ्यायच्या, व्यालेल्या म्हशीवर गोणपाट टाकायच्या. माझ्या पहिल्या मुलाच्या बारशाला निम्मं गाव आलं नाही. मी रडले. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लोकं इसरत्यात गं." पण खरं काय ते सांगते म्हणाल्या नाहीत.

पुढच्या वैशाखात नकोशीचं लग्न निघालं. फुलामावशी आम्हाला बोलावणारच नव्हती. पोरीनं अन्नपाणी सोडलं तेव्हा मोहनरावांचा माणूस अक्षत घेऊन आला.

जळोचीला मांडव भरलेला. हळदीला नकोशी पाटावर बसली होती, गुडघे पोटाशी घेतलेली, हातात काकणं. आम्ही मांडवात शिरलो. एकीनं चटकन आपल्या पदराचा आडोसा नवरीच्या तोंडासमोर धरला. दुसऱ्या बाजूनं दुसरीनं धरला. आत्याबाई तिथंच उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागं, जरा बाजूला होते; मला पदरांच्या फटीतून नकोशी दिसत होती आणि त्यांची मान दिसत होती. ती खाली गेली नाही.

"पदर काढा!" नकोशी आतून ओरडली. "मावशीनं हळद लावल्याबिगर मी उठायची न्हाय. तिनं मला दूध पाजलंय."

सगळ्यांनी फुलामावशीकडे पाहिलं. ती आत गेली आणि देव्हाऱ्यातली खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी घेऊन आली. तिचं तोंड त्या वेळी गोड नव्हतं, पण वाईटही नव्हतं. थकलेलं होतं. मला वाटतं तिलाही ते मिटवायचं होतं.

"आक्का," ती म्हणाली, "भंडारा उचल. म्हण, माझ्या नदरेनं दगूड मेला न्हाय. तू देवाची खोटी आण घेणार न्हाईस, मला म्हाईत हाय. म्हण, आन् पोरीला हळद लाव. मी सगळ्यांदेखत तुझ्या पाया पडंन. दगडाचं मंग आपण बगू, माझा मी परत आणीन, त्यात काय."

शेवटचं वाक्य ती सहज बोलली. पण मी आत्याबाईंची मान बघत होते. "पाया पडंन" ऐकून ती ताठ झाली होती. "परत आणीन" ऐकल्यावर ती जराशी मागं झाली.

भंडाऱ्याची वाटी समोर होती. उचलली असती तर ती आण अगदी खरी ठरली असती. देवालाही काही म्हणता आलं नसतं. नकोशीनं पदराच्या आडोशातून हात बाहेर काढला होता, हळदीनं पिवळा झालेला, आत्याबाईंकडे पसरलेला. मी तोंड उघडलं. आण गेली खड्ड्यात, असं मनात आलं होतं. पण आत्याबाई माझ्याआधी बोलल्या.

"ठिव ती वाटी आत," त्या म्हणाल्या. "माझीच नदर लागली त्याला. लई जळत व्हते मी तुझ्यावर, फुले. जळालाच त्यो."

फुलामावशीनं वाटी खाली केली तसा थोडा भंडारा जमिनीवर सांडला.

नकोशीचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग तिनं तो मागं घेतला. दोन्ही बायका आडोसा धरून होत्याच, पण त्याची आता गरज नव्हती. पोरीनं आपल्या डोक्यावरचा पदर धरला आणि स्वतःच हनुवटीपर्यंत खाली ओढून घेतला.

आम्ही जेवायला थांबलो नाही. बारामती मागं पडली तरी माझा राग उतरला नव्हता. गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "जयवंता, तू बाजूला उभी व्हतीस न्हवं? तुला दिसली आसंल. कशी दिसत व्हती गं नकोशी हळदीत? मला कायबी दिसलं न्हाय."

मी बैलांकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. मी त्यांना सांगितलं नाही.